युविकाचा फॉर्म भरतेय: आठवीच्या प्रगतिपुस्तकात टक्केच नाहीत, काय करू?

शेवंता

मंडळी, जरा मदत हवीय. बहिणीची मुलगी नववीत आहे. गाव जत तालुक्यात, शाळा गावातलीच, मराठी माध्यम. तिला इस्रोच्या 'युविका'ला, म्हणजे युवा विज्ञानी कार्यक्रमाला (नववीच्या मुलांचं दोन आठवड्यांचं निवासी शिबिर) अर्ज करायचाय. शाळेतून कुणी सांगितलं नव्हतं. भेळ बांधून आलेल्या पेपरात तिनं बातमी वाचली आणि मला फोन लावला, "मावशी, तुझ्याकडं लॅपटॉप हाय न्हवं?" तेव्हापासून मी त्या लॅपटॉपसमोर बसलेय.

फॉर्ममध्ये आठवीचे टक्के मागितलेत. प्रगतिपुस्तकात टक्के नाहीतच. मराठी अ-१, गणित अ-१, विज्ञान अ-१, हिंदी अ-२, इंग्रजी ब-१. खाली शेरा, 'नियमित गृहपाठ करते'. याचे टक्के कसे काढायचे?

दुसरं म्हणजे, विज्ञान प्रदर्शनात तिला तालुक्याला उत्तेजनार्थ बक्षीस आहे. फॉर्ममध्ये शाळा, जिल्हा आणि राज्य एवढंच दिसतं. मग तालुका कशात टाकायचा?

आणि तिसरी अडचण खरं तर माझी आहे, तिची नाही. प्रदर्शनात तिनं बाटलीचा पर्जन्यमापक मांडला होता. दोन पावसाळे ती रोज सकाळी साडेआठला मोजमाप घेते आणि वहीत लिहिते. दूध डेअरीची जुनी वही आहे, 'फॅट'च्या रकान्यात मिलिलिटर आणि 'रक्कम'च्या रकान्यात मिलिमीटर. ही वही कुठं जोडायची? मला तरी फॉर्ममध्ये जागा सापडली नाही.

खडूवाला

शेवंताताई, मी माध्यमिकला विज्ञान शिकवतो. दोन वर्षांत आमच्या शाळेतून सात जणांचे अर्ज भरलेत, निवड शून्य. म्हणजे कुठं कुठं चुकतं ते मला पक्कं ठाऊक आहे. :)

टक्क्यांची काळजी करू नका. प्रगतिपुस्तकात श्रेणी असली तरी शाळेच्या मूल्यमापन नोंदवहीत आकारिक आणि संकलित मिळून प्रत्येक विषयाचे १०० पैकी गुण असतात. श्रेणी त्यावरूनच निघते (९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२). मुख्याध्यापकांकडून शाळेच्या लेटरहेडवर विषयवार गुण आणि एकूण टक्के लिहून घ्या, सही-शिक्क्यासह. श्रेणीवरून अंदाजानं टक्के टाकू नका. पुढं मूळ कागद मागतात तेव्हा अर्ध्या टक्क्याचाही फरक नडतो.

आता गुणांची वाटणी. आम्ही भरलं तेव्हा १०० पैकी ५० आठवीच्या गुणांना होते आणि १० ऑनलाइन क्विझला. विज्ञान प्रदर्शनात भाग घेतला असेल तर शाळा, जिल्हा, राज्य पातळीनुसार २, ५ किंवा १०. ऑलिंपियाडसारख्या स्पर्धेत पहिल्या तिघांत असाल तर २, ४ किंवा ५, खेळांनाही तसंच. स्काउट-गाइड, एनसीसी, एनएसएस यांना ५. आणि पंचायत हद्दीतल्या शाळेत शिकत असाल तर १५. प्रदर्शन आणि स्पर्धा मागच्या तीन वर्षांतल्याच. यंदाची जाहिरात स्वतः वाचा, माझ्या भरवशावर राहू नका.

तालुका जिल्ह्यात टाकायचा नाही. तो जिल्ह्याखालीच मोजला जाणार, म्हणजे २ धरून चला.

वहीला रकाना नाही. मीही शोधला होता, दुसऱ्या एका मुलासाठी.

पाचवा_मजला

राहवत नाही म्हणून लिहितोय. माझ्या मुलाला आठवीत ९६ टक्के. जिल्ह्याचं प्रदर्शन झालंय, स्काउट आहे. पण आम्ही ठाण्यात राहतो, म्हणून फॉर्म उघडायच्या आधीच १५ गुण वजा! राज्याच्या यादीतला शेवटचा आणि यादीबाहेरचा पहिला यांच्यात एखाद-दोन गुणांचा फरक असणार. तिथं १५ म्हणजे खेळच संपला. गुणवत्ता मोजायची तर सरळ परीक्षा घ्या ना.

नांगरट

@पाचवा_मजला, दादा, राग समजू शकतो. माझा मुलगा २०२३ ला गेला होता, लातूर जिल्ह्यातल्या गावातून. त्याच १५ गुणांवर गेला असं म्हणा हवं तर. पण तुमच्या मुलाला लोकलचं तिकीट काढलं की वरळीला नेहरू विज्ञान केंद्र आहे, नेहरू तारांगण आहे, मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. आमच्या पोरानं खरी दुर्बीण पहिल्यांदा पाहिली ती युविकात.

त्या वर्षी देशभरातून सव्वा लाखाच्या आसपास नोंदण्या होत्या आणि घेतली साडेतीनशे मुलं. २०१९ ला सुरू झालं तेव्हा तर प्रत्येक राज्यातून तिघंच घ्यायचे. एवढ्या गाळणीत कुठली ना कुठली अट कुणाला तरी बोचणारच.

शेवंताताई, खर्चाचं सांगतो, कारण तुमच्या बहिणीला ते आधी कळायला हवं. राहणं, जेवण, साहित्य सगळं इस्रोचं. मुलाचं आणि सोडायला-आणायला जाणाऱ्या एका पालकाचं रेल्वेभाडंही देतात, सेकंड एसीपर्यंत. पण पैसे नंतर मिळतात, आधी खिशातून घालायचे. आम्हाला तिरुअनंतपुरम मिळालं. सोलापूरहून कन्याकुमारी गाडी पकडली. तिकिटं जपून ठेवा, मूळ तिकिटं लागतात. आमच्या हिनं ती देवघरात ठेवली होती.

शेवंता

खडूवाला सर, आभारी आहे. मुख्याध्यापकांकडं बहिणीला पाठवलं. ते म्हणाले, "नोंदवही कपाटात आहे आणि कपाटाची चावी ज्यांच्याकडं आहे ते प्रशिक्षणाला गेलेत." सोमवारी या म्हणाले.

नांगरटदादा, तिकडं भाषेचं काय? हिचं इंग्रजी ब-१ आहे, तेही गुरुजींच्या मेहेरबानीनं असं ती स्वतःच सांगते.

नांगरट

पहिले तीन दिवस पोरगं फोनवर रडवेलं. व्याख्यानं इंग्रजीतून, मुलं मणिपूरपासून लक्षद्वीपपर्यंतची. चौथ्या दिवशी फोन आला तो हसत. खोलीतल्या मल्याळी मुलाला हा मराठी शिव्या शिकवत होता. मग रॉकेटच्या प्रतिकृती करायला बसवलं, तिथं हातांचं काम होतं, भाषा मागं पडली.

थुंबाचं ते चर्चही दाखवलं. २१ नोव्हेंबर १९६३ ला भारतातून पहिलं रॉकेट सुटलं तेव्हा त्याच चर्चमध्ये कचेरी होती, आता संग्रहालय आहे. सायकलवर रॉकेटचा भाग नेतानाचा फोटो पुस्तकात पाहिलेला. पोरगं येऊन काय सांगतं, "पप्पा, चर्च आपल्या विठ्ठल मंदिराएवढंच आहे." बाकी दोन आठवड्यांत काय पाहिलं ते विचारून विचारून काढावं लागलं, पण हे तीनदा सांगितलं.

चिकूवाडी

फॉर्मबद्दल अनुभवाचे बोल. नेटकॅफेवाल्याच्या ईमेलवरून नोंदणी करू नका. आमच्या शेजारच्या मुलीचं झालं तसं, पुढचे सगळे निरोप त्या कॅफेवाल्याला. क्विझ दिल्यावर पुढचा भाग लगेच उघडला नाही तर घाबरून दुसरं खातं काढू नका, थोडा वेळ जाऊ द्या. आणि शेवटचे दोन दिवस साइटला हात लावायचा नाही. वारीतली चंद्रभागा परवडली.

अवांतर: एका क्लासवाल्यानं मला 'राज्यस्तरीय क्रीडा प्रमाणपत्र' पंधराशेत देऊ केलं होतं. खेळ कोणता म्हणून विचारलं, तर म्हणे कोणताही सांगा.

खडूवाला

@चिकूवाडी, हे असलं चालतं हे खरं आहे, पण कुणी त्या वाटेला जाऊ नका. आधी तात्पुरती यादी लागते, मग साक्षांकित कागद पाठवायचे, मग केंद्रावर मूळ कागद दाखवायचे. खोटं निघालं तर निवड रद्द. पोराला श्रीहरिकोट्याच्या दारातून परत आणायचं का?

शेवंताताई, आता वहीबद्दल. तुम्ही सोडून दिलंत, मी नाही. बाटलीचं तोंड कापून उलटं नरसाळं केलं असेल तर अंग सरळ हवं. कोल्ड्रिंकच्या बाटलीला कंबर असते, तिथं पट्टीनं मोजलं की चुकतं. तळही खोलगट असतो. तिनं काय केलंय? हे परीक्षकानं प्रदर्शनातच विचारायला हवं होतं.

शेवंता

सर, तिला फोनवर विचारलं. ती जे बोलली ते तसंच लिहिते, कारण मला सगळं कळलेलं नाही.

"सरांना सांग, पट्टीनं मोजतच न्हाय. बाटलीचं तोंड ९ सेंटिमीटर, म्हंजे त्रिज्या साडेचार. क्षेत्रफळ ६३.६ चौरस सेंटिमीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हंजे ६.३६ मिलिलिटर पाणी. पाणी शाळंच्या मोजपात्रात ओततो आन् भागाकार करतो. तळ कसा का असंना."

मग म्हणाली, वाफ होऊन उडू नये म्हणून दोन थेंब गोडेतेल टाकते. आणि साडेआठच का, तर हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो.

खडूवाला

बरोबर आहे. सगळंच बरोबर आहे.

ताई, माझ्याकडं नववी-दहावीची एकशे चाळीस मुलं आहेत. एवढा विचार करणारं एखादं असेल. नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ धरायचं, भांड्याचं नाही, हे बी.एस्सी. झालेल्यांनाही पटवून द्यावं लागतं. परीक्षकांनी उत्तेजनार्थ कशाला दिलं आणि पहिला कोण आला?

शेवंता

पहिला आला 'चांद्रयानाची प्रतिकृती'. थर्माकोलची, एलईडी लावलेली. हिच्या बाटलीसमोर कुणी फारसं थांबलं नाही म्हणे.

पण त्या वहीची एक गोष्ट सांगायचीच राहिली. मागच्या सप्टेंबरात एका रात्री ढगफुटीसारखं कोसळलं. सकाळी हिच्या बाटलीत ४५२ मिली, म्हणजे ७१ मिलिमीटर. महसूल मंडळाचं पर्जन्यमापक केंद्र नऊ किलोमीटरवर, तिथं ३८. आता २४ तासांत ६५ च्या वर गेलं तर अतिवृष्टी धरतात. म्हणजे आमच्या गावात द्राक्षबागांत गुडघाभर पाणी आणि कागदावर साधा पाऊस. भाऊजी वही घेऊन चावडीवर गेले. तिथं सांगितलं, "बाटलीचा पाऊस धरत नाहीत."

तेव्हापासून घरात तिला 'बाटलीचा पाऊस' म्हणूनच चिडवतात. पण तिनं मोजायचं सोडलं नाही. पाऊस नसेल त्या दिवशीही वहीत शून्य लिहिते.

सनीवेलची_सून

धागा वाचून राहवलं नाही. माझी लेक इकडे कॅलिफोर्नियात अकरावीत असताना समर सायन्स प्रोग्रामला अर्ज केला होता. १९५९ पासून चालू आहे तो. ओहाय नावाच्या गावातल्या शाळेत सुरू झाला. खगोलाच्या शाखेत तीन-तीन मुलांचा गट करतात, पृथ्वीजवळून जाणारा एक लघुग्रह त्यांनी दुर्बिणीतून टिपायचा आणि गाउसच्या पद्धतीनं त्याची कक्षा काढायची. निरीक्षणं पुढे मायनर प्लॅनेट सेंटरला, म्हणजे लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्राला जातात.

तिथं शाळेचे गुण लागतातच, पण मुख्य भर मुलानं स्वतः लिहिलेल्या उत्तरांवर आणि शिक्षकांच्या शिफारसपत्रांवर. ही वही असती तर तिथं सोन्याच्या भावानं गेली असती.

पण म्हणून तिकडचंच बरं असं समजू नका. इकडे वहीला किंमत आहे, म्हणून वह्या विकत मिळतात. हजारो डॉलर घेऊन मुलाला 'संशोधन' करवून देणारे, निबंधाला इस्त्री करून देणारे सल्लागार गल्लोगल्ली आहेत. लेकीच्या वर्गातल्या एकाचा प्रकल्प मी वाचला, त्यातला शब्दसुद्धा त्याचा नव्हता. आमचा नकार आला. लेक दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी लायब्ररीत उन्हाळ्याची नोकरी धरली.

तुमच्या रकान्यांवर निदान पैशाचा रंग चढवायला जरा कष्ट पडतात.

चिकूवाडी

फार नाही पडत. पंधराशे.

मुंजाबाचा_बोळ

@सनीवेलची_सून, तिकडची प्रसिद्ध ती एमआयटीत भरणारी आरएसआय, रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट, तीही शाळकरी मुलांसाठीच ना? १९८४ ची, फुकट असते ती?

मी जुन्या जमान्यातला, नव्वदच्या दशकातला. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेचा शाळकरी मुलांचा उन्हाळी कार्यक्रम असतो, आठवी-नववीसाठी. आमच्या वेळी शाळेनं नावं पाठवायची आणि तुम्ही एक आठवडा एका शास्त्रज्ञाच्या खोलीत. अभ्यासक्रम काही नाही. मला ज्यांच्याकडं दिलं त्यांनी पहिल्या दिवशी एक काठी हातात दिली आणि म्हणाले, "अंगणात रोव आणि शुक्रवारपर्यंत मला पुण्याचं अक्षांश सांग." बाकी मला एकदाच विचारलं, "सावली सगळ्यात आखूड कधी होते ते घड्याळात पाहिलंस का?" बारा वाजता होत नाही हे तोवर मला माहीत नव्हतं!

नारळीकर सर जिन्यात भेटले तर आम्ही सही मागायचो. त्यांचं ठरलेलं होतं, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. माझ्या पोस्टकार्डाचा प्रश्न इतका बाळबोध होता की इथं सांगत नाही. सही आहे अजून.

आमच्या शाळेनं मला पाठवलं ते मी हुशार होतो म्हणून नव्हे. पहिल्या नंबरच्या मुलाला मामाच्या गावाला जायचं होतं.

पाचवा_मजला

१५ गुणांबद्दलचं माझं मत तेच आहे. पण त्या ७१ मिलिमीटरचं वाचून काल रात्री मुलाला विचारलं, आपल्या गच्चीवर किती पाऊस पडला हे कसं मोजशील? त्यानं फोन काढून ॲप दाखवलं.

असो. कामाचं सांगतो. क्विझमध्ये इस्रोच्या मोहिमांची आणि अवकाशविज्ञानाची साधी माहिती विचारतात. आठवडाभर रोज अर्धा तास वाचलं की होतं. एकदाच देता येतं, म्हणून नेट भरवशाचं असेल तिथंच बसवा. शुभेच्छा आहेतच, नाव लागलं तर ठाण्याच्या कोट्यातून एक मिसळ माझ्याकडून.

खडूवाला

@पाचवा_मजला, तुमच्या मुलाला एनएसईजेएसला बसवा. कनिष्ठ विज्ञान ऑलिंपियाडची पहिली पायरी, नोव्हेंबरात असते. तिथं शहर-खेडं काही नाही, निव्वळ परीक्षा. पुढच्या पायऱ्या जमल्या तर उन्हाळ्यात मानखुर्दला शिबिर. तुम्हाला हवी ती सरळ परीक्षा हीच. मात्र तिला क्लासचा धंदा किती चिकटलाय तेही पाहून घ्या.

शेवंता

अपडेट. कपाट उघडलं. ८९.२ टक्के निघाले. मुख्याध्यापकांनी लेटरहेडवर दिलं आणि पंचायत हद्दीचा दाखलाही सही करून दिला. फोन केला तेव्हा म्हणाले, "एवढं मागायला कधी कुणी आलंच नव्हतं बाई."

क्विझ तिनं माझ्याकडं सांगलीत येऊन दिलं. मी शेजारी बसले तर म्हणाली, "मावशी, तू उठ. तू बघतीस म्हणून चुकतंय." मग मी स्वयंपाकघरात.

खेळाचा रकाना कोरा, स्काउट कोरा. तालुक्याचं बक्षीस शाळेच्या पातळीवर टाकलं. हिशेब करून पाहिला, आकडा काही मोठा नाही. अर्ज गेला.

नांगरट

गेला ना, झालं. आता एप्रिलपर्यंत साइट रोज उघडू नका. मी उघडायचो.

शेवंता

यादी लागली. तिचं नाव नाही. पुढच्या यादीतही नाही.

मीच जास्त खट्टू झाले. तिला फोन केला तर द्राक्षाच्या छाटणीत होती. म्हणाली, "बरं." मग थोड्या वेळानं तिनंच फोन केला आणि विचारलं, ते काठीचं अक्षांश काढणारे काका कोण, त्यांना विचार, काठी किती उंच होती.

मुंजाबाचा_बोळ

एक मीटर. पण तिला सांगा, उंची कितीही चालते, सरळ उभी हवी. ओळंबा लावायला सांगा. विषुवदिन गेला, त्यामुळं त्या दिवसाची सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासून तो किती अंश उत्तरेला वा दक्षिणेला आहे ते) पंचांगातून घ्यावी लागेल. दाते पंचांगात सापडेल, नाहीतर मला दिनांक कळवा, मी काढून देतो.

खडूवाला

ताई, एक विनंती. मी कोरेगाव तालुक्यात असतो. नऊ सेंटिमीटरच्या तोंडाची बाटली मीही कापलीय, गोडेतेलासकट. शाळेतल्या चार मुलांना लावलंय कामाला. तिला विचाराल का, जूनपासून रोजचं मोजमाप पाठवेल का? आम्ही आमचं पाठवू.

शेवंता

सर, विचारलं. तिचं उत्तर असं: "पाठवतो. पण शून्य पडलं तरी शून्य पाठवायला सांग. न्हायतर मोजलंच न्हाय का पाऊस न्हाय, कळत न्हाय."

शेवंता

आज सकाळी, साडेआठ, जत तालुका: ८० मिली, १२.६ मिमी. कोरेगाव?

खडूवाला

शून्य.